मागचा पत्रा

४ तारीख, रविवार

आलो एकदाचे राहायला. जन्मभर लोकांच्या भिंती खोदल्या, त्यांत वायरी पुरल्या, वर गिलावा मारून निघालो. आता प्रथमच भिंत माझी, छिन्नी माझी आणि धुळीवरून ओरडणारीही माझीच. हिने सामान लावण्याआधी तिच्या आईचा फोटो बाहेर काढला आणि निजायच्या खोलीत खिळा मागितला. म्हटलं, जुन्या वायरी बदलू दे, मग लाव. तर म्हणते, अख्ख्या गावाच्या भिंती फोडल्यात तुम्ही, माझ्या आईला एक खिळा देववत नाही? सासूबाई हयातीतही कुणासाठी थांबत नसत.

धंद्याचा नियम तेवढा हिला शिकवून ठेवला. वायर बटणापासून सरळ वर जाते, सरळ खाली, नाहीतर आडवी. तिरकी कधीच नाही. ही उभी-आडवी रेघ सोडून कुठेही खिळा मार, बिनघोर. हिने मान डोलावली. ही एकदा ऐकलेलं विसरत नाही, आमच्या भांडणांत त्याची प्रचिती येते.

७ तारीख, बुधवार

निजायच्या खोलीतली वायर पुरलेली झिरी, म्हणजे भिंतीतली खाच, उघडली. वायरीपुढे पत्रा सगळेच घालतात, कुणी खिळा मारला तर अडावा म्हणून. इथे वायरीच्या मागेही पत्रा, आणि तो पुढच्याहून जाड. भिंत घराच्या कडेची, पलीकडे मोकळं आवार. तिकडून खिळा मारणार कोण? माझा जुना जोडीदार गवंडी आधी हसला. मग त्याने मागचा पत्रा उजेडात धरला आणि त्यावरून बोट फिरवलं. पत्र्याला पोचे होते. भिंतीच्या पोटातून आलेले, वायरीच्या दिशेने. म्हणाला, होतं तसं बुजव आणि मोकळा हो.

मी त्याचीच चेष्टा केली. नवा पाइप टाकला, पुढे नवा पत्रा ठोकला आणि मागचे सगळे भंगारवाल्याला देऊन टाकले. माझ्या कामाला पाठीमागून टेकू लागत नाही.

१० तारीख, शनिवार

माझे कान तिखट. तीन घरांपलीकडे नळ गळला तरी मला कळतं. आज भरदिवसा भिंतीत ठोके ऐकू आले. ठोकायचं, थांबायचं, ऐकायचं, जरा सरकून पुन्हा ठोकायचं. वायर शोधताना मी असाच ठोकतो. आवारात जाऊन पाहिलं, तिथे गवताशिवाय काही नाही. परत येऊन भिंतीला कान लावला. ठोके बटणापाशी सुरू झाले आणि सरळ वर चढत गेले.

आत जे कुणी आहे, त्याला आमचा नियम ठाऊक आहे.

१२ तारीख, सोमवार

बटणाच्या वर, पत्र्याच्या कडेला, गिलाव्यातून खिळ्याचं टोक बाहेर आलंय. गंजलेलं. आतून बाहेर. कापलं, वर पुट्टी फासली. हिने विचारलं तर म्हणालो, ओल आहे. उगाच घाबरवायची कशाला.

करंट गळला की आपोआप पडणारं बटण दिवसभर पडतंय. ही करवादली, म्हणाली वायरमनच्या घरात अंधार, लोक शेण घालतील तोंडात. शेवटी ते बटण वगळून लाइन सरळ जोडली. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर कानाखाली आवाज काढला असता.

१३ तारीख, मंगळवार

आणखी टोकं. एकाखाली एक, ओळंब्यात. आता आडवी वळलीत, हिच्या उशीकडे. पलंग ओढून मधे घेतला. हिला सांगितलं, ओल.

गवंड्याला फोन केला. म्हणाला, घर सोड. या घरासाठी उभा जन्म झिजवला मी. भिंतीला भिऊन पळू?

१५ तारीख, गुरुवार

त्याला नियम ठाऊक आहे ना. मग नियमच मोडतो.

ही बहिणीकडे गेली तेवढ्यात सगळी टोकं कापली, वायर काढली, नवी तिरकी नेली. छताच्या कोपऱ्यातून थेट बटणापर्यंत. जन्मात पहिल्यांदा. पत्रा नाही, आणायचाय. तात्पुरता नुसता गिलावा ओढला. वर रंग, काही दिसत नाही. हिला काही बोललो नाही—बोललो तर सगळंच सांगावं लागेल.

ठोके थांबले.

१६ तारीख, शुक्रवार

शांत. चुकवलं त्याला—असं वाटतंय. तरी भिंतीला कान लावला की—कुणीतरी पलीकडून कान लावून बसल्यासारखं—

ही खुशीत आहे. म्हणाली, ओल गेली, भिंत कशी नवी झाली.

शनिवार

जेवण झालं. ओसरीवर बसून लिहितोय. आत फरशी पुसून झाली, बादली वाजली. आता पत्रा आणायला—

ठोका.

पुन्हा. पण हा भिंतीतला नाही. तो बद्द वाजतो—हा कोरडा, खणखणीत—या बाजूचा—माझीच हातोडी—

फोटो—

बटणाच्या वर नाही मारत ती. आडव्या रेघेतही नाही. बरोबर मधे, मोकळ्या भिंतीवर—मीच शिकवलंय—

आणि तिच्या प्रत्येक ठोक्याला आतून एक—तिथेच, तिथेच, म्हणून दाखवल्यासारखा—

हाक मारली, ऐकत ना— मेन बंद कर