आईला उंचावर चक्कर येते

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कशाला बोलायचं म्हणून गप्प होते. पण परवा आईला घेऊन किनाऱ्यावरच्या कापू गावच्या लाइटहाऊसला गेले आणि बेंगळुरूला परत आल्यापासून माझं डोकं फिरलंय. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणू देत. मी चिडलेय.

वर्षभर चिकपेटच्या दुकानात अस्तराचं कापड फाडायचं, आणि धनुर्मासात लग्नं नसतात, गिऱ्हाईक नसतं, म्हणून आम्हाला घेऊन किनाऱ्यावरची जुनी लाइटहाऊसं बघत हिंडायचं, हा तुमचा नाद. लोकांचे वडील तिरुपतीला न्यायचे, तुम्ही दगडी मनोरे चढायला लावायचात. मजा यायची, खोटं कशाला बोलू! इंग्रजांच्या काळी वर रॉकेलचा दिवा कसा जळायचा, त्या भल्यामोठ्या भिंगातून उजेड किती लांब जातो, हे तुम्ही सांगायला लागलात की दुकानातला तो चिडका माणूस कुठे जायचा कोण जाणे. पण आईनं यातलं काय ऐकलं? वर ऐकायला ती होतीच कुठे! तुम्हाला बाहेरचं चालत नव्हतं. हॉटेलचं पाणीसुद्धा नको. त्यामुळे आईच्या पिशवीत रॉकेलचा स्टोव्ह, रवा, कॉफीची पूड, सगळा संसार. चार वाजता तुम्हाला कॉफी हवी, आणि लाइटहाऊसमध्ये लोकांना सोडायची वेळही नेमकी चार ते पाच. आम्ही वर, आई खाली भिंतीच्या आडोशाला, वाऱ्यापुढे टॉवेल धरून स्टोव्हला पंप मारतेय. उतरून येतो तोवर कॉफी आणि उप्पीट तयार. दरवर्षी हेच, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मी आठवीत होते तेव्हाचं बोलते. नव्वदीतलं, दुकानात नुकताच फोन आला होता. त्या दिवशी कापूला बस उशिरा पोचली. आई पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, या खेपेला मीपण येते हं वर. समुद्र वरून कसा दिसतो ते स्वल्प बघते." तुम्ही म्हणालात, "आणि कॉफी?" दारावरचा म्हातारा रखवालदार भला माणूस. तो म्हणाला, "अम्मा, नीवु होगी, स्टोव्ह नान नोडकोतीनी." तुम्ही जा, स्टोव्ह मी बघतो! परक्याच्या हातची कॉफी तुम्हाला चालणार नव्हती. ते त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून तुम्ही हसलात आणि कन्नडमध्ये त्याला सांगितलंत, हिला उंचावर चक्कर येते. आईला? चक्कर? आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी होती. ती चढून टाकी कोण घासायचं, अण्णा? तुम्ही? आई खाली बसली आणि स्टोव्हची पिन शोधायला लागली.

सरी, ठीक आहे, एकदा थाप मारलीत, समजू शकते. पण मग तुम्ही ती लग्नाकार्यात, आत्याकडे, शेजारीपाजारी सांगत सुटलात, आणि वर किती मायेनं! "आमच्या हिला उंचावर चालत नाही बघा." हळूहळू आईच तसं सांगायला लागली. शिडी सुटली, गच्ची सुटली. आता मी चौथ्या मजल्यावर राहते, तर ती बाल्कनीत पाऊल टाकत नाही. कपडे वाळत घालायचे तर मला हाक मारते.

परवा मी दोन तिकिटं काढली. पंच्याहत्तरीची आहे, पण रोज बागेत तीन फेऱ्या मारते, गुडघे माझ्यापेक्षा बरे. पहिल्या पायरीवर तिनं हात सोडवून घेतला. "मला चक्कर येते गं. तू जा, मी तुझी बॅग धरते." मी चारचौघांत ओरडले, "काही येत नाही तुला चक्कर! अण्णांनी थाप मारली होती!" तर मलाच म्हणते, "असं बोलू नये. त्यांना काळजी होती माझी." काळजी! अण्णा, त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी तुमचा मान ठेवला नसता. एका कपभर कॉफीसाठी तुम्ही तिचे पाय काढून घेतलेत, आणि ती त्याला काळजी म्हणते. मी वर गेलेच नाही. तिकिटं फाडली आणि तिला घेऊन बसस्टॉपवर येऊन बसले.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि आईला मी वाचून दाखवणार नाही, म्हणून राहिलेलंही लिहिते. रखवालदाराला तुमचं बोलणं पटलं नव्हतं. तो माझ्याकडे वळून म्हणाला होता, "हौदा, पुट्टी?" खरं का गं, पोरी? साडेचार होऊन गेले होते, पाचला दार बंद होणार होतं, आणि मला वर जायचं होतं. मी मान डोलावली. आई तेव्हा माझ्याकडेच बघत होती.