‘जिवंत’च्या आधीची आडवी रेघ

मी, आलोयझ शेरुगा, वय सत्याहत्तर, वीजखात्यातला निवृत्त वायरमन, राहणार प्तुय, स्लोव्हेनिया, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. कान गेले आहेत, पण सही करायला कान लागत नाहीत. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझे राहते घर आणि मागची बाग नेय्रा होजिच हिला मिळावी. ती माझी कोणी लागत नाही, पण मला मूलबाळ नाही आणि मामा म्हणून हाक मारणारी तीच एक आहे.

२. एकोणिसाव्या वर्षी लष्कराच्या भंगारातून जुळवलेला लघुलहरींचा रेडिओ आणि मोर्सची कळ गावच्या रेडिओ क्लबला द्यावी. कळ काचेच्या कपाटात ठेवू नये, वापरावी. परक्या माणसांशी हवेत गाठ पडली की टपालाने यायची ती तीन हजार पोचपत्रेही त्यांनाच. पेरूतला एक मास्तर दर पत्रात आपल्या गाढवाची खुशाली कळवायचा. ती पत्रे वेगळी बांधली आहेत. माझी बायको टिल्का म्हणायची, “जगाशी गप्पा मारतोस, घरात मात्र हूं की चूं नाही.” खरे होते. ती गेल्यावर कळले.

३. मेहुणा द्रागो याला चाळीस मीटर एरियलची तार. १९७४ साली “तुझ्या टिकटिकीनं टीव्हीवर आमचा गोल दिसला नाही” म्हणून याने ती पक्कडीने कापली होती. आता तिच्यावर घेवडा चढवावा. क्षमा केलेली नाही.

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. १९९३ साली नेय्रा तीन वर्षांची होती. तिची आई अझेमिना तिला घेऊन इथल्या निर्वासितांच्या बराकीत राहायची. नवरा रेफिक बोस्नियात, वेढा पडलेल्या गावात अडकला होता. तिथले टेलिफोन बंद. बातमी यायची ती आम्हा हौशी रेडिओवाल्यांमार्फत. आतून साफेत नावाचा एकजण मोटारीच्या बॅटरीवर मोर्सने निरोप पाठवायचा, आणि सकाळी अकराला मी ते उतरवून घ्यायचो. अझेमिना रोज खुर्चीमागे उभी. “दादा, आज तरी काही आलं का हो?”

बारा मार्चला आले. रेफिकचे नाव स्वच्छ आले, मग आवाज विरला, नुसती खरखर, आणि मग ‘झिव्ह’, म्हणजे जिवंत. त्यांच्या बोलीत ‘नाही’ हा शब्द ‘जिवंत’च्या आधी येतो. आमचा नियम असा, की ऐकू आले नाही तिथे वहीत आडवी रेघ मारायची आणि पुन्हा पाठवायला सांगायचे. रेघ मी मारली. पण अझेमिना माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, “जिवंत आहे.” तिने नेय्राला उचलून खोलीभर नाचवले. मी साफेतला ‘सगळे मिळाले’ अशी पोच देऊन टाकली.

चार वर्षांनी साफेत रेडिओवाल्यांच्या एका मेळाव्यात भेटला. “अरे बाबा, ‘नाही’ तीनदा पाठवलं होतं मी! तू पोच दिलीस, म्हणून पुढच्या नावाकडे गेलो.”

परत येऊन सांगायला हवे होते. पुढच्या आठवड्यात सांगू, म्हणता म्हणता पंचवीस वर्षे गेली. वहीत मी खोटे लिहिले नाही, एवढ्याच एका गोष्टीवर स्वतःची समजूत घालत आलो. लाज वाटते.

रेफिकची हाडे कुठल्यातरी पिशवीत बिननावाची पडली असतील. तिकडे अशी हाडे लेकरांच्या रक्ताशी ताडून त्यांना नाव देतात. पण अझेमिना नेय्राला रक्त देऊ देत नाही. “जिवंत माणसाचं रक्त कशाला जुळवायचं? आलोयझदादांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय!” परवा नेय्रा माझ्यावर चिडली. “मामा, तुम्ही तरी आईला समजवा ना. तुमचाच शब्द मानते ती.” मी कॉफी ढवळत बसलो.

५. नोटरीबाई म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच उघडतात. म्हणजे अझेमिनाला मला शिव्या घालायचीही सोय राहणार नाही. इतका भित्रेपणा मलासुद्धा झेपत नाही. तेव्हा कलम चार माझ्या मरणाची वाट न पाहता अमलात यावे. उद्या त्याची नक्कल आणि ती वही घेऊन मी मायलेकींच्या दारी जाणार आहे. वाचून झाल्यावर नेय्राने घर नको म्हटले, तर ते क्लबला द्यावे. तिची समजूत घालायला कोणी जाऊ नये.

उद्या माझे तोंड उघडलेच नाही, तर निदान एवढे लेखी असावे: नेय्रा, तुझे बाबा त्या दिवशी जिवंत नव्हते. मला ते नीट ऐकू आले नव्हते, तरी मी ऐकल्याचे सांगितले. आईला विचारू नकोस. जा आणि रक्त दे.

सही: आलोयझ शेरुगा
साक्षीदार: स्तान्को विदोविच, मधमाश्या पाळणारा शेजारी, ब्रेदा कोकोल, औषधविक्रेती. दोघांनी सही करताना पाहिले, मजकूर वाचलेला नाही.
प्तुय, गुरुवार, १० मार्च २०२२