सानिकाचे गोल

मंगळवार, संध्याकाळ

मुख्याध्यापक सरांचा मेसेज पुन्हा आलाय, "फोन झाले का?" अजून उत्तर दिलेलं नाही.

उद्या नववीची सरकारी चाचणी. तिच्यावर शाळेची श्रेणी ठरणार. गेल्या वेळी शाळा खाली घसरली, म्हणून सरांनी आज दार लावून घेऊन सांगितलं, "कच्च्या मुलांना उद्या घरीच थांबू दे. पालकांना फोन करा." मी मान का डोलावली? नोकरीची भीती, दुसरं काय!

माझ्या वर्गातून एकच नाव, सानिका. गणितात खरंच कच्ची आहे. पण उत्तरपत्रिकेतले गोल काय सुरेख भरते! सरावात चुकीच्या उत्तराचा गोलसुद्धा कसा, काठाबाहेर जराही न जाता काळाभोर. वर विचारते, "मॅडम, नीट भरलेत ना?" मी "हो" म्हणते. गोलांपुरतं खरंच आहे ते.

शेवटी हेंद्रेपाड्याला तिच्या आईला फोन लावला. "उद्या सानिकाला..." एवढंच बोलले, तर आई म्हणाली, "हो मॅडम, माहितीये. दोन नवी काळी पेनं आणलीत. जुन्या वहीत गोल भरत बसलीय कधीची."

"वेळेवर पाठवा," म्हटलं आणि फोन ठेवला.

सरांना आत्ता लिहिलं, "हो सर, झाला फोन." खोटं कुठे आहे त्यात?

पण सर रोज सकाळी स्वतः गेटवर उभे असतात. उद्या त्यांच्या आधी मला तिथे पोचायला हवं.