हौद्याबाहेरचा हात

वस्ताद, काल आपली तालीम पाडली. रस्ता रुंद होणार आहे. आधी मागची भिंत गेली, मग खांब, आणि शेवटी कुस्तीच्या हौद्यातली लाल माती ट्रॉलीत भरून कुठंतरी नेली. मारुतीला आधीच देवळात हलवलं होतं, त्यामुळे कोणी आडवं आलं नाही. मी मुकादमाकडून उंबऱ्याचा दगड मागून घेतला. शेवटची सगळी वर्षं तुम्ही ज्याच्यावर बसून पोरांवर ओरडत होता, तो हा दगड. आता माझ्या दारात आहे आणि त्याच्यावर बसूनच हे लिहितो आहे. लोक म्हणायचे, वस्तादांचे गुडघे गेले, म्हणून हौद्यात उतरत नाहीत. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. ते तुम्हाला माहीत होतं, मला होतं आणि आईला होतं.

वडील गेल्यावर आईने मला तुमच्या हवाली केलं, तेव्हा मी गावच्या शाळेत जात होतो. तुमच्या हातापुढे मास्तरांची छडी काहीच नव्हती. चुरगळलेले कान, आखूड मान, आणि तो उजवा हात. डाव चुकला की मानेवर असा पडायचा की तोंडात माती जायची आणि दातांना रक्ताची चव लागायची. कुणाचं नाक फुटायचं, कुणाचं बोट निखळायचं. तुम्ही ते तिथंच ओढून बसवायचात, हळद दाबायचात आणि त्याला पुन्हा जोडीत उभा करायचात. पण हा सगळा मार हौद्यातला. नव्या पोराला मारुतीच्या पायावर हात ठेवायला लावून तुम्ही सांगायचात, "हात ह्या मातीत उचलायचा. भाईर उचललास, तर ही माती तुझी न्हाई." तुमच्या सगळ्यांत तयार पठ्ठ्याने चावडीसमोर एकाच्या कानाखाली ओढली, तेव्हा त्याला तुम्ही पुन्हा हौद्यात पाय ठेवू दिला नाही. तो पायरीवर डोकं आपटून रडला. कपाळ फुटलं, तरी नाही.

मी कामाला लागलो, तेव्हा पिंपरीला नुकत्याच कंपन्या येत होत्या. आमच्या एका साहेबाला होड्यांचं वेड. त्याने माझे खांदे बघितले आणि दापोडीला नदीवर नेऊन एका लांब, निमुळत्या होडीत बसवलं. चौघांनी वल्ही मारायची, पाचव्याने सुकाणू धरायचं. पैसा नाही, नुसती हौस. शिफ्टच्या आधी पाण्यावर जायचो आणि तळहाताची सोललेली कातडी घेऊन मशीनवर उभा राहायचो. तुमच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला ते दुखणं ओळखीचं वाटत होतं. पुढे साहेब म्हणाला, देशभरातल्या क्लबांची शर्यत पुण्याला आहे, आपण उतरायचं. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. वस्तादांनी बघायला यावं. हरलो असतो तरी चाललं असतं, पण तुम्ही यायला हवं होतं. ते विचारायला मी तुमच्याकडे येण्याआधीच तालमीतल्या पोरांनी तुम्हाला सांगितलं.

ते अजून तसंच दिसतं. आई भाकऱ्या थापते आहे. मी चुलीशी जेवायला बसलो आहे. तुम्ही दारातून वाकून आत येता आणि बसत नाही.

"काय रं, होडी मारतोस म्हनं?"

"व्हय, वस्ताद."

"त्वांड कुनीकडं करून बसत्यात?"

"मागं. जिथनं निघालो तिकडं."

"म्हंजी पाठ फुडं?" तुम्ही आईकडे बघून हसता. "ऐका वैनी. इतकी वरसं ह्याला पाठ झाकाया शिकवलं, आन ह्यो गडी नदीभर पाठ दावत हिंडतोय."

मी तरणा होतो. म्हणालो, "तुमच्यात पाठ लागली की हारत्यात. आमच्यात पाठ पयली पोचली की जिकत्यात."

हात कधी आला ते दिसलंच नाही. मी चुलीवर कोसळलो, तवा उलटला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी त्याला चिकटून निघाली. एक दात परातीतल्या पिठात पडला. तुम्ही दुसऱ्यांदा हात उचललात, तेव्हा आई उभी राहिली. चुलीतलं पेटतं लाकूड तिने तुमच्या छातीपासून वीतभर अंतरावर धरलं होतं. तिचा आवाज चढला नव्हता.

"वस्ताद, ह्यो हौदा न्हाई. ही माझी चूल हाय."

तुमचा हात तसाच वर राहिला. मग तुम्ही तो खाली घेतलात, पाठीमागे नेलात आणि दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलंत. तसेच निघून गेलात. दुसऱ्या दिवशी तालमीत तुम्ही उंबऱ्यावर बसलात. पोरांनी आत बोलावलं, तर म्हणालात, "हितनं दिसतंय मला." माझ्याशी बोलला नाहीत. मीही शर्यतीचं काढलं नाही.

संगमाच्या खाली शर्यत होती. शेवटच्या फेरीत दोन होड्या उरल्या, आमची आणि एका बाहेरगावच्या क्लबची. त्यांचे गडी उंच, गोरेपान, सारख्या बनियनातले. निम्म्या पाण्यात त्यांची होडी आमच्यावर सरकली. वल्ह्यावर वल्हं आदळलं आणि माझ्या वल्ह्याची मूठ उलटून बरगडीत घुसली. आत काहीतरी कडकन मोडलं. सुकाणूवरचा पोरगा शिव्या देत होता, "ओढ! मेलास तरी ओढ!" प्रत्येक हिसक्याला ती बरगडी सुरीसारखी फिरायची. मी ओठ चावला, तो तुटला, रक्त मांडीवर गळायला लागलं. होडीत बसलेल्याला फक्त मागे टाकलेलं दिसतं. आधी त्यांच्या सारख्या बनियनातल्या पाठी मागे गेल्या. मग काठ मागे जाताना पांढरा फेटा दिसला. तुम्ही धोब्यांच्या दगडांशी उभे होता. हात पाठीमागे. मला दुसरं काही नको होतं.

आम्ही थोडक्यात जिंकलो. काठाला लागतो तोच त्यांचे चौघे चिखलातून धावत आले. म्हणे आम्हीच त्यांच्या वल्ह्यावर मारलं. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या गड्याने होड्या ओढायचा आकडा लावलेला बांबू उचलला आणि माझ्या खांद्यावर हाणला. मी उताणा पडलो. दुसरा घाव माझ्या तोंडावर यायचा, तो तुमच्या डोक्यावर बसला. तुम्ही मध्ये कधी आलात कोण जाणे. फेटा उडाला. मी उठायला लागलो, तेव्हा तुम्ही माझ्या छातीवर पाय ठेवलात.

"उठू नगंस."

जिंकलो त्या दिवशी माझी पाठ चिखलात होती आणि वर तुमचा पाय होता. खालून मला तुमचे हात दिसत होते. उजव्याचं मनगट डाव्याने धरलेलं. त्या पोराला तुम्ही एका हाताने उचलून नदीत फेकलं असतं. तो मारत राहिला. आकडा कानाला लागला, कान फाटला, रक्त तुमच्या सदऱ्यावरून माझ्या छातीवर गळलं. तुम्ही त्याला म्हणालात, "हान. दमस्तवर हान." पुढचा घाव त्याने अर्ध्यावरच थांबवला. त्याने बांबू टाकला आणि तिथंच खाली बसला.

साहेबाने टांगा करून दिला. टांगा दापोडीच्या हॅरिस पुलावर आला. मग मी विचारलं, "हात का न्हाई उचलला, वस्ताद?"

"येकदा उचललाय."

पूल गेला. तुम्ही फेट्याचं फडकं कानाला धरून बसला होता. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "पाठ रुंद झालीया तुझी."

तो कान पुन्हा ऐकू आला नाही. त्यानंतरही तुम्ही हौद्यात उतरला नाहीत. तुम्ही गेलात, तेव्हा पोरं म्हणाली, वस्तादांना शेवटचं हौद्याच्या मातीत न्यायचं. मी तिरडी तालमीच्या उंबऱ्यावरच थांबवली. पोरं माझ्यावर धावून आली. मी हात मागे घेतले.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही. उद्या अंघोळीचा बंब पेटवीन, त्यात घालीन. दर शनिवारी मी देवळात जातो, मारुतीला तेल घालतो आणि तुमच्यासाठी डोळे मिटतो. तेव्हा तोच काठ दिसतो, तोच चिखल, तोच पोरगा बांबू उगारून उभा. फक्त तुमचे हात पाठीमागे नसतात. तुम्ही त्याची मान धरता, त्याला उचलता आणि माझ्या शेजारी असा आपटता की त्याचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू येतो. देवासमोर उभं राहून, वस्ताद, मला फार बरं वाटतं.