जर्मन सूर

ऊद मेथा, दुबई
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय गुणवंतदादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. आम्ही मजेत. उन्हाळा एकदाचा खलास झाला, संध्याकाळी गॅलरीत बसता येतं. मुग्धाचं कॉलेज जोरात चाललंय. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते.

समोरच्या फ्लॅटमध्ये इंग्रिडबाई आल्यात. जर्मन, सत्तरी ओलांडलेल्या, मुलाकडे राहतात. परवा त्यांचा वाढदिवस होता. मी आदल्या संध्याकाळीच जर्मनच्या पातेल्यात शिरा घेऊन गेले आणि शुभेच्छा दिल्या. त्यांनी एकदम हात वर केला. "आज नको. आमच्याकडे आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात." मी ओशाळले. पण अॅल्युमिनियमला आपण 'जर्मन' म्हणतो हे ऐकून त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. मुग्धा म्हणाली, "आई, दॅट्स सो रँडम."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाला बोलावलं. घरात पियानो आहे. मी सांगितलं, आमच्या अण्णांच्या पेटीतले सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, जर्मन होते, मिरजेच्या कारागिरानं बसवलेले. तू मांडी घालून वाजवायचास, मी शेजारी पाढे म्हणायचे, आणि लक्ष सगळं तुझ्या बोटांवर. जर्मन सुरांवर आपल्याकडे भजनं होतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आता कोण वाजवतं?" त्यांनी विचारलं.

भाऊबीजेला फोनवर तू उजव्या हाताचं काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. झटक्यानंतर हाताला अजून जोर नाही आणि तू पेटी देवळाला देतोयस, हे वहिनींकडून कळलं.

तेवढं कसंबसं सांगितलं. त्यांच्या नवऱ्यालाही पक्षाघात झाला होता. एका पियानोवर दोघांनी बसून वाजवायची त्यांच्याकडे जुनी रीत आहे म्हणे. आजारपणानंतर डावा हात नवऱ्याचा आणि उजवा बाईंचा, असं दोघांनी कित्येक वर्षं वाजवलं. "सुरुवातीला फार भांडलो," म्हणाल्या. मग आपल्या वाट्याचं वाजवून दाखवलं. डावीकडची जागा रिकामी. मला बघत बसवेना आणि उठून जाववेनाही.

दादा, पेटी देऊ नकोस. भाता तुझ्या डाव्या हाताचाच आहे, तो हात चांगला आहे. मी शिकले नाही, पण भूप कुठून सुरू होतो ते तुला बघून बघून पाठ आहे. डिसेंबरमध्ये येतेय, तिकीट काढलंय. चुकले तर पूर्वीसारखा ओरड.

तुझ्या उजव्या बाजूला बसायला येणारी,
सुनेत्रा