शॉर्टकट नको, चिंतामणी म्हणा

२ जानेवारी २०२५
नव्या वर्षाचा संकल्प एकच. टोपणनावांविरुद्ध मोहीम. सगळी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात गेली, त्यामुळे विषय कळतो. नाव म्हणजे सातबारा. टोपणनाव म्हणजे अतिक्रमण. सतीशचं सत्या करतात. बचत अवघ्या एका अक्षराची. मग मिळतं काय?

४ जानेवारी
सुरुवात शेजारून. समोरच्या बाई लेकीला दिवसभर ‘वैशू, वैशू’ हाका मारतात. त्यांना वैष्णवी या नावाचा अर्थ नीट समजावला. बरं काका, म्हणाल्या. संध्याकाळपासून एक हाक नाही. पहिलं यश.

५ जानेवारी
गॅलरीत फारच शांत. टीव्ही जरा मोठा लावला.

९ जानेवारी
सतीशने दहावीच्या बॅचचा ग्रुप काढलाय. दिवाळीतच काढला होता, मला आज घेतलं. नंबर सापडत नव्हता म्हणे. एकोणीस तारखेला इथेच सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये गेट-टुगेदर. ग्रुपवर नुसते सत्या, हण्म्या, गुळ्या. गुळ्या म्हणजे प्रदीप. खिशात गूळ घेऊन शाळेत यायचा. अख्ख्या वर्गात टोपणनाव न पडलेला मी एकटाच. वचक होता माझा.
ग्रुपवर सूचना टाकली: प्रत्येकाने पूर्ण नावाचा बिल्ला लावून यावं. सगळ्यांच्या निळ्या टिका आल्या. विचार चालू असणार.

१३ जानेवारी
अजून विचार चालूच.

१५ जानेवारी
गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आलो. गर्दी प्रचंड. ओळखीचं कुणी नाही. घरी आल्यावर आरशासमोर ‘चिंत्या’ म्हणून बघितलं. केवळ अभ्यास म्हणून. आईसुद्धा चिंतामणीच म्हणायची. सवय नसल्यामुळे ओ देता आली नाही.

१९ जानेवारी, संध्याकाळी
बिल्ला फक्त माझ्या छातीवर. हॉलकडे निघालेल्या बाकीच्यांना बघून सात रस्त्यावरच काढून खिशात टाकला. हॉलमध्ये सतीशने मोबाईल माझ्या हातात दिला आणि सगळ्यांचा फोटो काढायला सांगितलं. काढला. उत्तम आलाय. त्यात मी अर्थातच नाही.
निघताना अकलूजचा हणमंत समोर आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. मला बघून थांबला आणि थेट मिठीच मारली. “गुळ्या, लेका, कुटं हुतास रं?”
प्रदीप नाशिकहून आलाच नव्हता. मी दुरुस्ती करणार होतो. पण आजारी माणसाला धक्का नको. म्हणालो, हितंच की. त्याने पाठीत एक गुद्दा घातला, माझा नंबर घेतला, तब्येत का उतरली विचारलं. पाठ अजून दुखतेय. मलम लावलेलं नाही.

२२ जानेवारी
हणमंतचा फोन. शेतावर हुरडा आहे, गुळ्या आलाच पाहिजे म्हणतो. मी तत्त्वाचा माणूस आहे. समक्ष भेटून खुलासा करणं योग्य. त्यासाठीच जायचं. वाटेत पाव किलो गूळ घ्यावा का?

२९ जानेवारी
हणमंतचा पुन्हा फोन. कारण काहीच नाही. असेच बराच वेळ बोललो. हेडमास्तरांच्या सायकलची हवा आपणच सोडली होती, आठवतं का, म्हणाला. आठवतं म्हणालो. आता खरंच आठवायला लागलंय.
नवीन विचार: टोपणनावांचे प्रकार असतात. काही अपवाद करावे लागतील. खुलासा हुरडा खाऊन झाल्यावर.

२ फेब्रुवारी, परतीची एसटी
हणमंत फाट्यावर घ्यायला आला होता. काळा चष्मा निघालाय. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “तुमी कोण म्हणायचं?”
चिंतामणी, म्हणालो. तुमच्याच वर्गातला. खिडकीजवळ बसायचो. त्याला आठवेना. फोनवर तुमीच बोलत हुता का, म्हणाला. हो म्हणालो. रागावला नाही. माणूस भला. मान खाली घालून म्हणाला, “एवढ्या लांब आलायसा, चला की.”
शेतावर सतीश आणि आमच्याच वर्गातला अवधूत आधीच पोचलेले. सोलापुराहून सतीशच्या गाडीतून आले. मागची सीट रिकामीच होती म्हणे.
हुरडा कोवळा होता. हणमंत सगळ्यांना स्वतः वाढत होता. त्या दोघांना म्हणाला, “घे की रं, लाजतोस काय.”
मला म्हणाला, “घ्या.”