तुझ्या जबड्यातलं हाड

माय, तुला लिहायचं म्हणून ही वही आणली त्याला महिना होत आला. आधी पेन नव्हता. मग पेन मिळाला तर पहिल्या पानांवर भलतंच काहीतरी खरडत बसले, मी कामाला होते त्या हैदराबादच्या मेसमध्ये पोरी काय काय टाकून द्यायच्या त्याची यादी. ती नोकरीही सुटली. तू गेल्याला नऊ वर्षं झाली, तेवढ्यात कॉलेज, पुणे, सोलापूर, हैदराबाद, सगळं धरून सोडून झालं. आता संतपूरला आपल्याच घरी बसलेय. सोयाबीन निघालंय, अप्पा शेतावर आहेत, आणि मी सकाळपासून तिसऱ्यांदा चहा करून आले. म्हणजे अजून टाळायलेच.

झालं असं, की मी कलबुर्गीला माझी दाढ काढायला गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंड बघायच्या आधी एक कागद पुढं केला. शुगर, बीपी, आणि खाली एक ओळ: हाडं मजबूत करायचं इंजेक्शन किंवा सलाईन कधी घेतलंय का? मी म्हटलं, दाढ काढायची तर हाडाचं कामून विचारायलात? त्यांनी अर्धं कन्नडमध्ये, अर्धं हिंदीत समजावलं. हाड जिवंत असतं. जुनं झिजत राहतं, नवं भरत राहतं. कॅन्सर हाडात उतरला की तो हाड पोखरतो, ते थांबवायला सलाईन देतात. पण त्यानं हाडाची स्वतःची डागडुजीही मंदावते. एरवी कळत नाही. दाढ उपटली की जबड्याला ती जखम भरून काढावी लागते, आणि तेच त्याला जमत नाही. मग तेवढा भाग मरतो, वरची हिरडी सरकते आणि हाड उघडं पडतं. मी दाढ न काढताच उठले. स्टँडवर दोन बस सोडल्या. कुठल्या गावच्या होत्या, पाटीसुद्धा वाचली नाही.

तुझं ते दर महिन्याचं हैदराबादचं सलाईन. गावात आपण सांगितलं होतं, गुडघ्याचं आहे. अक्काची सोयरीक जुळत होती ना उमरग्याला. आईच्या छातीत कॅन्सर निघाला म्हटलं की लोक लेकीकडंही त्याच नजरेनं बघतात, लग्न होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आणि नेमकी त्याच महिन्यात तुझी दाढ ठणकायला लागली.

औरादच्या दातांच्या दवाखान्यात आपण बाकावर बसलोय. मी सतरा वर्षांची. तुझा गाल सुजलाय. शेजारी कोण, तर नवऱ्या मुलाची आत्या, तीही दाढ धरून. म्हणते कशी, "विहीणबाई, लेकीच्या लग्नापुरते तरी दात ठेवा की वो!" तू सुजल्या तोंडानं म्हणतेस, "दात न्हाई ऱ्हायले तर खीर पिऊ. तुम्ही वाढा तर खरं." दोघी हसता. तेवढ्यात डॉक्टर पडद्याआडून डोकावतो, "मावशी, कुठलं औषध, इंजेक्शन चालू हाय का?" आत्या तिथंच. मी म्हणाले, "न्हाई. काहीच न्हाई."

दाढ काढून दोन महिने झाले तरी भोक भरेना. आत पिवळट पांढरं टोक दिसायचं. तू बोटानं चाचपून म्हणायचीस, "दाताचा तुकडा ठेवला गं त्या मेल्यानं." मीही व्हय म्हणायची. तो तुकडा तुझ्याच जबड्याचा होता. तोंडाला घाण वास यायला लागला. विहारात अक्काचं लग्न लागलं तेव्हा तू सगळ्या फोटोंत पदर तोंडावर धरून उभी आहेस, पाहुण्यांना वाटलं रडायलीस. खालचा ओठ बधिर झाला, चहा हनुवटीवरून ओघळायचा आणि तुला कळायचं नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, दाढ कुणी काढली? आम्हाला आधी का नाही विचारलं? मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. गुळण्यांचं औषध दिलं, गोळ्या दिल्या, मेलेला तुकडा सुटा झाला की काढू म्हणाले. तो सुटा व्हायच्या आत कॅन्सर पुढं गेला. शेवटी तुला दुधात कुस्करलेली भाकरीही चालेना. भुकेनं तू माझ्या ताटाकडं बघायचीस, आणि मी ताट घेऊन अंगणात जायची.

दोन दिवसांनी परत कलबुर्गीला गेले आणि त्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सडलेल्या दाढेनं हाड एरवीही मेलं असतं कदाचित. पण माहीत असतं तर आधी नस साफ करून मूळ तसंच ठेवायचा प्रयत्न झाला असता, उपटायची घाई केली नसती. रोगानं गेल्याच असत्या, पण खात खात गेल्या असत्या. आणि वर म्हणाल्या, कदाचित. माय, त्या दोन कदाचितांच्या मधे मी अडकलेय.

परवा अक्काला फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, "मग तू न्हाई कामून म्हणालीस?" मी म्हटलं, मायनंच डोळ्यानं गप केलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यापायी." आणि फोन ठेवला.

तू मला गप केलं नव्हतंस. डॉक्टरनं विचारल्यावर तू तोंड उघडलं होतंस, सांगायलाच निघाली होतीस. मी तुझ्या आधी बोलले. आत्यासमोर हुशारी केली असं तेव्हा वाटलं होतं.

दारात ऑटो थांबलाय. अप्पा इतक्या लवकर येत नाहीत. "हाय का गं घरात?" म्हणून हाक आली, आणि मी आधी वही गादीखाली सारली. मग परत काढली. सणाला बोलावलं तरी उमरग्याहून न येणारी अक्का, भर दुपारी, न सांगता आलीय. दारात चपला काढायलीय. आत येऊन विचारेल, फोनवर माझ्याशी खोटं बोललीस ना, ते मला ठाऊक आहे, माय, आणि अजूनही माझ्या तोंडात पहिल्यांदा न्हाईच यायलंय.